वाक्य ज्याचं त्याचं

मनीने खोली घेतलीय ती तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावरची रिकामी होती, तेवढीच मोठी होती, पण बाईसाहेबांना तिसराच हवा. आता रात्री-अपरात्री काही झालं, पोटात कळ आली, गॅसचा वास आला, तर फोनवर पत्ता सांगताना पहिलाच शब्द 'तिसरा'. आणि 'त' म्हटला की माझ्या लेकीचं गाडं तिथेच रुततं. पलीकडचा माणूस दोनदा 'हॅलो, हॅलो' करणार, लाइन तुटली असं समजून फोन ठेवून देणार. मग काय? हा विचार काही केल्या माझी पाठ सोडत नाही. तिचे बाबा म्हणाले, "अगं, खोली घेताना माणूस उजेड बघतो, बाराखडी नाही." एवढं म्हणून ते कुशीवर वळले आणि घोरायलाही लागले. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसलेय. झोप येत नाही म्हणून भांडी घासावीत तर शेजारी जागे होतात. लिहिण्याचा आवाज होत नाही.

मनी आमची एकुलती एक. हे तिचं घरातलं नाव, मांजरीसारखी पाय न वाजवता खोलीत यायची म्हणून पडलेलं. कागदोपत्री नाव 'त'वरून आहे. हौसेने ठेवलं होतं, पुढचं कुणाला माहीत! ती बोलायला लागली आणि थोड्याच दिवसांत कळलं की शब्दाच्या सुरुवातीचे 'त' आणि 'ट' तिच्या टाळूला चिकटून बसतात. बाकी सगळं ठणठणीत. गाणं म्हणताना अडायची नाही, मांजराशी गप्पा मारताना अडायची नाही. कुणी कौतुकाने "बाळ, तुझं नाव काय?" विचारलं की मात्र संपलं.

मग तिने आपली वाट काढली. टोमॅटो आणायला पाठवलं की पोरगी वांगी घेऊन यायची. मला आधी वाटलं, विसराळू आहे. सासूबाईंना वाटलं, हिला टोमॅटो आवडत नसतील. आवडायचे, चांगले आवडायचे, पण भाजीवाल्याला सांगता येत नव्हते. नुसतं बोट दाखवलं तर तो गमतीने म्हणायचा, "नाव सांग, मग देतो." वांगी सांगणं सोपं. त्या सगळ्या उन्हाळ्यात आमच्याकडे वांगी शिजली, आणि खरं कारण कळल्यावर तर कुणी 'पुन्हा वांगी?' असंही म्हणेना.

आमच्या घरातल्या जिभा म्हणजे धार लावलेल्या कात्र्या. तिने "आई, मला ट..." केलं रे केलं की तिन्ही बाजूंनी उत्तरं. बाबा म्हणणार टॉवेल, सासूबाई म्हणणार टाचणी, मी म्हणणार टोपी. बरोबर निघालं की तिच्या बाबांना कोडं सुटल्याचा आनंद व्हायचा. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. भिंतीवरची अक्षरं वाचताना गिऱ्हाईक अडलं तर पुढचं अक्षर सांगून टाकायची त्यांना खोड. अर्ध्या वस्तीच्या नाकावर चुकीच्या नंबरचा चष्मा आहे तो ह्याच्या परोपकारामुळे, असं सासूबाई म्हणायच्या. असल्या घरात बोलायला अडणाऱ्या मुलीला शब्दांची ददात नव्हती. फक्त त्यातला एकही तिचा स्वतःचा नसायचा.

शाळेत इंग्रजी आलं आणि संकट दुप्पट झालं. इंग्रजीत 'टू' शिवाय पान हलत नाही. ज्यांना ह्या भाषेचा हा छळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन क्रियापदं जोडायची झाली तर दुसऱ्याच्या आधी कधी 'टू' लावायचा, कधी त्याला मागून 'इंग'ची शेपटी लावायची. पोहायला जायचं असेल तर 'वाँट टू स्विम', पण पोहण्याची मजा येत असेल तर 'एन्जॉय स्विमिंग'. पहिल्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात, दुसऱ्याला जेरंड. कुठलं क्रियापद कुणाशी नांदतं ह्याला फारसा धरबंध नाही. सोयरीक जुळावी तसं आहे, जमलं ते जमलं.

एक दिवस इंग्रजीच्या सरांनी मला बोलावून घेतलं. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी, आणि तोंडी परीक्षेत ही म्हणते 'आय वाँट गोइंग'. लहान पोरालाही कळतं तिथे 'टू गो' हवं. तेव्हा ही लेखी पेपर कुणाचा बघून लिहिते, एवढंच त्यांना विचारायचं होतं. घरी येताना रस्त्यात मनीचा हात धरून विचारलं, "खरं काय ते सांग." ती चपलेकडे बघत चालत राहिली आणि मग म्हणाली, "आई, काय हवं हे मला माहीत आहे. पण दारातून बाहेर येत नाही." आणि बोट ओठांवर ठेवलं.

त्यानंतर चूक करायचंही तिने सोडून दिलं. चुकण्यापेक्षा वळसा बरा, हे तिला कळलं. 'वाँट' म्हटलं की पुढे 'टू' येणार, मग 'फील लाइक गोइंग' म्हणायचं, तिथे इंगवर भागतं. 'हॅव टू' नको, 'मस्ट' घ्या. कुठे जायचं सुचवायचं असेल तर 'हाउ अबाउट गोइंग'. सगळा द्राविडी प्राणायाम, पण व्याकरणात एक टाका चुकलेला नाही. 'टू'च्या प्रत्येक घराशेजारून जाणारी गल्ली तिला पाठ झाली. गल्ल्या पाठ व्हायच्या तर आधी घरं माहीत हवीत. कॉलेजात सगळा वर्ग इन्फिनिटिव्ह आणि जेरंडशी झटत होता, तेव्हा आमच्या मनीला ते अंगणासारखं ओळखीचं होतं.

पुढे ती छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. मागच्या बाजूची खोली, एक दिवा, समोर कागदांची चळत आणि दिवसभरात कुणाला नाव सांगायची गरज नाही. माझा जीव भांड्यात पडला होता. तेवढ्यात तिची मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचा संध्याकाळचा वर्ग हिने घेतला. नोकरीसाठी इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांचा वर्ग. मी पुष्कळ समजावलं. बोलण्याचंच काम कशाला, लिहिण्याची कामं काय थोडी आहेत? तिचं उत्तर असं होतं की लिहिण्याच्या कामात तिला झोप येते.

ह्या वर्गात एक घड्याळदुरुस्तीवाले होते. वयस्कर, डोळ्याला भिंग लावून लावून एक भुवई कायमची वर गेलेले. पहिल्याच संध्याकाळी ते उभे राहिले आणि 'आय वाँट' म्हणून थांबले. पुढे काय लावावं, आठवेना. सगळा वर्ग ओरडला, "टू गो, टू गो." ते लालबुंद होऊन खाली बसले आणि दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मनी त्यांच्या दुकानात गेली. म्हणे, घड्याळ दाखवायला नाही, तुम्हाला न्यायला आलेय. त्यांनी विचारलं, त्या हुशार लोकांत मी काय करू? ही म्हणाली, "घड्याळ मागे पडलं की काटा बोटाने पुढे ढकलता का?" ते म्हणाले, छे, आत बघतो, वेळ देतो. "मग या. आम्हीही वेळ देऊ."

त्या दिवसापासून वर्गाचा एकच नियम. वाक्य ज्याचं त्याचं. कुणी अडलं तर बाकीच्यांनी पेन खाली ठेवायचं आणि थांबायचं. अडलेल्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, खिडकीकडे बघायचं. शब्द पुरवायचा नाही. चूक झाली तर बोलून झाल्यावर सांगायचं, पण वाक्य पुरं होऊ द्यायचं. हे मला नंतर त्या वर्गातल्या बस चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं. चौकातल्या थांब्यावर मी त्यांच्याच बसची वाट बघते. त्या म्हणाल्या, "पहिल्या पहिल्यांदा जीव कासावीस व्हायचा हो. दुसऱ्याचा शब्द आपल्या जिभेवर येऊन नुसता नाचतो. पण आता सवय झाली. आमच्या घरी सासरे बोलायला लागले की मी पेन शोधते."

नियम शिकणाऱ्यांसाठी होता. शिकवणारीला त्याची गरज पडली नाही, कारण ती अजून गल्ल्यांतूनच फिरत होती. 'टू' आला की फळ्यावर लिहायची, नाहीतर कुणाला वाचायला सांगायची. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मैत्रीण रजेवरून परत आलीच नाही आणि संस्थेने ती जागा कायम करायची ठरवली. पण त्याआधी परीक्षकांसमोर एक उघडा धडा घ्यायचा. जमलं तर ती शिक्षिका, नाही जमलं तर पुन्हा छापखान्याची मागची खोली. विषय संस्थेने द्यायचा होता, आणि आला तो नेमका हाच. इन्फिनिटिव्ह की जेरंड.

मी म्हटलं, विषय बदलून माग, आजारी आहे म्हणून सांग, काहीही कर.

"नको."

"अगं, त्या सगळ्या धड्यात टू आहे."

"हो ना," ती म्हणाली. "सगळ्या धड्यात ट... ट... टू आहे." आणि चक्क हसली. मला त्या हसण्याची जास्त भीती वाटली.

धड्याच्या दिवशी मी घरी थांबणं शक्यच नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर निदान भांडं तरी हवं, म्हणून दुकानातून तिच्या नंबरचा एक जादा चष्मा उचलला आणि संस्थेत गेले. लांब व्हरांडा, एका बाजूला खोल्या, प्रत्येक दाराला वर काच. दाराशी स्टुलावर शिपाई बसले होते. मी सांगितलं, मुलीचा चष्मा राहिलाय, द्यायला आले. त्यांनी उठून काचेतून आत पाहिलं आणि म्हणाले, "ताई, चष्मा त्यांच्या डोळ्यांवर आहे." मी म्हटलं, हा दुसरा. त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवून दिलं. पण बसल्यावर काचेतून दिसत नव्हतं, म्हणून मी उभीच राहिले.

आत मागच्या बाकावर संस्थेच्या प्रमुख बाई आणि त्यांच्या शेजारी परीक्षक. पिकलेले केस, मऊ चेहरा, नातवंडांना पेपरमिंट देत असतील असे. मनीने सुरुवात आपल्याच भाषेपासून केली. आपण 'सिगारेट ओढणं सोडलं' म्हणतो, 'सिगारेट ओढायला सोडलं' म्हणत नाही. हे कुणी शिकवलं? कुणीच नाही, कान शिकला. इंग्रजीचाही कान तयार करू. वर्ग हसला, परीक्षकांनीही मान डोलावली. मग ती 'स्टॉप' ह्या शब्दावर आली. हा शब्द दोघांशीही नांदतो, पण दोन घरांतला अर्थ वेगळा. "ही स्टॉप्ड स्मोकिंग," ती म्हणाली. म्हणजे त्या माणसाने सिगारेट सोडली. सोपं गेलं. आता दुसरं वाक्य. तो रस्त्यात थांबला, कशासाठी, तर सिगारेट ओढायला.

"ही स्टॉप्ड," ती म्हणाली, आणि अडली.

मला तिचा चेहरा बाजूने दिसत होता. हनुवटी वर गेली, डोळे मिटले, मानेवरची शीर उभी राहिली. माझी जीभ टाळूला लागली. मी कुजबुजले असेन, कारण शिपायांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. हातात खडू होता, फळा मागेच होता, वळून लिहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पुढच्या बाकावर घड्याळवाले बसले होते, त्यांना विचारता आलं असतं. एवढ्या वर्षांच्या सगळ्या गल्ल्या उघड्या होत्या आणि ती भर रस्त्यात उभी राहिली. हललीच नाही.

तेव्हा परीक्षकांना दया आली. मागून अगदी मायेने म्हणाले, "टू स्मोक."

वर्गात एकदम टकटक आवाज झाला. सगळ्यांनी पेनं खाली ठेवली होती. सगळी तोंडं खिडकीकडे वळली. परीक्षकांना वाटलं, आपलं ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि बसवाल्या बाई जागेवरून उठल्या. थांब्यावर गर्दीला आत सरका म्हणतात ना, तोच आवाज, फक्त अदबीचा. "सर, वी डोन्ट माइंड वेटिंग."

आम्हाला थांबायला हरकत नाही, एवढंच. परीक्षकांनी तोंड मिटलं. मग काय करावं हे न कळून त्यांनीही आपलं पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे पाहायला लागले. प्रमुख बाईंनी त्यांचं पाहून आपलंही ठेवलं. खिडकीबाहेर काही म्हणजे काही नव्हतं, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती.

"ट... ट... टू," मनी म्हणाली. "ट... टू स्मोक."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पेनं उचलली गेली. मला वाटलं, सुटली बाई एकदाची, आता पटकन पुढे जाईल. पण पोरगी थांबायला तयार नव्हती. तो माणूस पाणी प्यायला थांबला, 'टू ड्रिंक'. बोलायला थांबला, 'टू टॉक', म्हणजे एका दमात दोन ट. विश्रांती घ्यायला थांबला. प्रत्येक वेळी अडत होती, प्रत्येक वेळी वर्ग थांबत होता, आणि त्या बिचाऱ्या माणसाला तिने चार पावलं धड चालू दिलं नाही. शेवटी घड्याळवाल्यांनी विचारलं की हा मनुष्य घरी कधी पोचणार? सगळा वर्ग हसला आणि सगळ्यांत जास्त ती हसली. मग बसवाल्या बाईंकडे वळून म्हणाली, "माइंडच्या पुढे वेटिंग. करेक्ट." त्या बाई अशा बसल्या, जणू विमान उतरवून आल्यात.

बाहेर आल्यावर तिने मला पाहिलं, मग हातातला चष्मा पाहिला.

"जादाचा," मी म्हटलं.

"शिपाईकाका म्हणाले, त... तू पण आत ट... ट... टू पाठवत होतीस."

मी म्हटलं, पाठवला तरी आत कुणाला ऐकू गेला? ती म्हणाली, ह्या वर्गात बाहेरून आलेले शब्द घेत नाहीत. दोघी हसत हसत घरी आलो. तिच्या बाबांना सगळं सांगितल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. आता दुकानात गिऱ्हाईक अडलं की ते हाताची घडी घालून उभे राहतात. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, चला, वस्तीचे डोळे वाचले.

तिला कायमची जागा मिळाली. परीक्षकांनी म्हणे शेवटी एकच प्रश्न विचारला होता, की ह्या लोकांना थांबायला कसं शिकवलंत? ती म्हणाली, मला स्वतःलाच शिकवायचं होतं, ते शेजारी बसून शिकले. जागा मिळाली ती मात्र संस्थेच्या दुसऱ्या गावच्या केंद्रात. आज दुपारी ती तिथे पोचली. पोचल्याचा निरोप मोबाइलवर लिहून आला. पाणी चोवीस तास आहे, खिडकी मोठी आहे, उद्या पहिला वर्ग. आमच्या घरात मनीशी फोनवर कुणी बोलत नाही, लिहूनच बोलतो. समोर असली की निदान चेहरा दिसतो. फोनवर तिचं अडणं म्हणजे नुसती शांतता, आणि शांततेला सगळे 'लाइन तुटली' म्हणतात.

दुसऱ्या मजल्याची खोली का नाही घेतलीस, असं मी संध्याकाळी लिहून विचारलं होतं. तिचं उत्तर मघाशी आलं. घरमालकीणबाईंनी विचारलं, कुठली हवी? मला तिसऱ्याची हवी होती, म्हणून तिसरी म्हटलं. वेळ लागला, पण त्या थांबल्या.

हे वाचून मी पाणी प्यायला उठले, तशीच परत येऊन बसले. मी इथे गॅसच्या वासाने आणि पत्त्याच्या पहिल्या अक्षराने जीव टांगणीला लावून बसलेय, आणि माझ्या मुलीला टोमॅटो हवे होते तर तिने टोमॅटो मागितले. वांगी घेऊन आली नाही.

ती अजून जागी आहे. उद्याचा धडा काढतेय, असं तिने त्याच निरोपात खाली लिहिलंय. तिला आणखी एक निरोप पाठवला तर 'झोप आता' एवढंच माझ्या हातून लिहिलं जाईल. ते नको. फोनच करायचा. तिच्या तोंडून ऐकायचंय, कुठे राहतेस, कितवा मजला, उद्या वर्गात काय घेणार. तिकडून काही ऐकू आलं नाही, तर लाइन तुटलेली नसेल. 'हॅलो, ऐकू येतंय का' असं विचारायचं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत राहायचं. आमच्याही समोरच्या इमारतीवर एक पाण्याची टाकी आहे.

नंबर काढलाय. आता पेन खाली ठेवते.